विहिरीचा उपसा

आमचा संडास मागच्या फणसापलीकडे आहे. असली वस्तू घरात नको, हा आजोबांचा हट्ट. पडवीपासून सत्तावीस पावलं. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्यात नळी घालून बघतात त्या तपासणीच्या, आदल्या रात्री मी ती अकरा वेळा मोजली. मृग लागलेला, वीज गेलेली. बॅटरी होती, पण छत्री उघडायला सवड कुणाला?

डॉक्टरांनी कागद दिला होता. तीन दिवस बिया-सालींचं काही नको. आदल्या दिवशी नुसतं पातळ नि आरपार दिसणारं. त्यात लाल रंगाचं नको, आत रक्तासारखं दिसतं. म्हणजे कोकम सरबत गेलं. सोलकढी तर दोन्ही कलमांखाली बाद! वर पोट साफ करणाऱ्या पावडरीचं दोन लिटर पाणी, निम्मं रात्री, निम्मं पहाटे. चव लिंबू पिळलेल्या समुद्राची. हाकेच्या अंतरावर समुद्र असताना हे मी पैसे मोजून आणलं.

सकाळी गुहागरहून चिपळूणला निघालो. शृंगारतळीला थांबलो, मार्गताम्हाण्याला थांबलो. पुढे रिक्षावाला न सांगताच झाडी बघून थांबायला लागला.

टेबलावर डाव्या कुशीवर निजवलं. भूल मीच नको म्हटलं होतं.

"काका, जाताना हवा नाही भरत, पाणी सोडतो. हवेनं आतडं फुगतं, लांबतं, वळणावर ताण येतो नि दुखतं. पाणी वजनानं खाली बसतं, वळण जरा सरळ होतं. गढूळ झालं की ओढून घ्यायचं, परत स्वच्छ सोडायचं."

अहो, हे तर आम्ही दर वैशाखात करतो! विहिरीचा उपसा! पडद्यावर चहाच्या रंगाचं पाणी आलं, सुर्रकन ओढलं गेलं, नवं आलं, आणि नितळ होता होता गुलाबी भिंत दिसायला लागली. मला राहवेना.

"झरा कुठे लागेल?"

"हलू नका."

तेवढ्यात त्या नितळ पाण्यात एक चपटी तपकिरी बी गिरकी घेत आली.

"हे काय?"

"बी असेल."

"कसली?"

"...करवंदाची."

"कधी खाल्लीत?"

"परवा. एकच मूठ. मोसमातली शेवटची होती हो."

मागून आणखी दोन आल्या. पाणी नितळ असण्याचा हा तोटा मला कुणी सांगितला नव्हता. "ह्या ओढायच्या नळीत अडकतात," डॉक्टर पुटपुटले आणि बियांना बगल देत पुढे सरकले. येताना मात्र थोडी हवा भरून, घडी न् घडी उलगडून बघितली. नुसत्या परतीला निदान सहा मिनिटं द्यायची असतात म्हणे. मला ती आजोबांच्या पंक्तीला बसल्यासारखी गेली.

पॉलिप, म्हणजे आतड्याच्या भिंतीवरची गाठ, वगैरे काही निघालं नाही. बाहेर डॉक्टरांनी हिला सांगितलं, "सगळं उत्तम आहे वहिनी. फक्त करवंदं सापडली."

ही रिक्षात बसली, पण एक शब्द नाही. मार्गताम्हाण्याला रिक्षावाल्यानं सवयीनं गाडी बाजूला घेतली.

"चला पुढे," ही म्हणाली. "आता ह्यांच्यात काही उरलेलं नाही."