काचेत प्रकाश मंदावतो, मग गायरोचं सूत्र का बदलत नाही?

भाऊ, प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं असं : फायबर ऑप्टिक गायरोस्कोपवरच्या (थोडक्यात गायरो : रिळावर गुंडाळलेल्या काचेच्या तंतूत दोन किरण उलटसुलट सोडून, त्यांच्यात पडणाऱ्या फरकावरून फिरणं मोजणारं यंत्र) लेखात मी काचेचा अपवर्तनांक, म्हणजे तिच्यात प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा, धरलाच नाही, काचेत प्रकाश दीडपट हळू चालतो, तर उलटसुलट फिरणाऱ्या दोन किरणांतला फरकही दीडपट हवा. वर टोला, की खान्देशात उत्तर दिशा शोधायला होकायंत्र असताना हे लचांड कशाला.

अपवर्तनांक धरला नाही, कारण तो सूत्रातून उडतो. तुमच्या वाटेने गेलो तर फरक दीडपट नव्हे, दुपटीहून जास्त यायला हवा, कारण तो वेगाच्या वर्गाने भागून येतो. पण रीळ फिरतं तेव्हा काचही फिरते आणि प्रकाशाला थोडं सोबत ओढते. हे ओढणं फ्रेंच शास्त्रज्ञ फिझोने १८५१मध्ये वाहत्या पाण्यात मोजलं होतं. ते नेमकं एवढं असतं, की वाढलेला फरक पुरता कापला जातो. म्हणून सॅग्नॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१३मध्ये आरशांनी, हवेत दाखवलेला हा फिरण्याचा परिणाम १९७६मध्ये वाली आणि शॉर्टहिल यांच्या तंतूतही त्याच सूत्राने मिळाला.

खरी अडचण तापमानाची. तिच्यावर बोट ठेवलं असतंत तर मी निरुत्तर नाही, पण घामाघूम नक्की झालो असतो. गायरोने उत्तर दिशा शोधायची तर पृथ्वीचं फिरणं मोजावं लागतं, आणि ती तासाला १५ अंश फिरते. जळगावच्या २१ अक्षांशावर त्यातला आडवा भाग १४ अंश. १० सेंटिमीटरच्या रिळावर १ किलोमीटर तंतू गुंडाळला, तरी एवढ्याने किरणांच्या वाटेत पडणारा फरक अणूच्या जाडीहूनही कमी! आता हे रीळ मे महिन्यात भुसावळला ठेवा. एका टोकाकडचा तंतू आधी तापतो, दोन्ही किरण तिथून वेगवेगळ्या वेळी जातात, आणि जागचं न हललेलं यंत्र म्हणतं, मी फिरलो. उपाय गुंडाळण्यात आहे : तंतूच्या मध्यापासून सुरुवात करायची आणि दोन्ही अर्ध्यांचे थर असे आलटूनपालटून चढवायचे, की मध्यापासून सारख्या अंतरावरचे तुकडे शेजारी येऊन बरोबरच तापतील.

राहिलं होकायंत्र. घराचं तोंड कुठे, एवढं बघायला ते बास. आपल्याकडे चुंबकीय आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. पण अजिंठ्याच्या रांगेतल्या काळ्या पाषाणात चुंबकीय खनिज आहे, तिथे सुई कुठेकुठे बहकते. लोखंडी केसिंगच्या बोअरमध्ये तर ती कामातून गेली, आणि जीपीएसही खाली पोचत नाही.

गायरोला बाहेरचं काही लागत नाही. रिळाचा अक्ष आडवा धरून वळवायचा. पूर्व-पश्चिम झाला की फिरण्याचा आकडा शून्य, उत्तरेकडे झाला की सगळ्यात मोठा. मग १८० अंश उलटवून पुन्हा वाचायचं, वजाबाकीत यंत्राची कायमची चूक निघून जाते. तासाला ०.१ अंशाची चूक उरली, तर जळगावात उत्तर दिशा साधारण ०.४ अंशाने चुकेल. ६० अक्षांशावर जवळजवळ दुप्पट. मोबाइलमधल्या गायरोवर मात्र हे करून बघू नका, त्याची स्वतःची चूकच पृथ्वीच्या फिरण्याहून मोठी असते.