आईने घेतलेले ब्रीझहोम

"स्कायरिममध्ये कथाच नाही, नुसते भटकायचे, खरा खेळ म्हणजे विचर ३" असे या दोन व्हिडिओ गेमबद्दलचे ठाम विधान आज सकाळी एका मित्राच्या भिंतीवर वाचले, आणि त्याखाली माना डोलावणाऱ्यांची रांग पाहून राहवले नाही, म्हणून लिहितो आहे.

कथा नाही म्हणजे काय? २०१६ साली आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ती दीड महिना माझ्याच खोलीत पलंगावर असे आणि मी संध्याकाळी खेळायला बसलो की पडद्याकडे पाहत राही. एके दिवशी तिने विचारले, "अरे, ती निळी फुले तोडता येतात का?" मी कंट्रोलर तिच्या हातात दिला. त्या दिवसापासून त्यातल्या रिव्हरवुड गावाच्या आसपासची निळी फुले आणि व्हाइटरन शहराबाहेरच्या शेतांतला गहू वेचायचा, दोन्ही मिसळून प्रकृती सुधारणारे औषध करायचे आणि ते विकायचे, हाच तिचा उद्योग झाला. स्कायरिममधली अठरा कौशल्ये वापराने वाढतात. तलवार चालवणारा तलवारीत तरबेज होतो, औषधे करणारा औषधांत, आणि दोघांचीही पातळी चढत जाते. आईने एकदाही तलवार उपसली नाही, तरी त्या खेळाने तिला अडवले नाही. व्हाइटरनमधले ब्रीझहोम हे घर घेण्याची परवानगी मिळण्याआधी एका जुन्या थडग्यातून ड्रॅगनस्टोन नावाची दगडी पाटी आणावी लागते, तेवढी मी आणून दिली. घराची किंमत पाच हजार सोन्याची नाणी. ती तिने औषधे विकून जमवली. ही कथा नसेल, तर कथा कशाला म्हणायचे ते तरी या मंडळींनी एकदा सांगावे.

विचर ३ मध्ये असे घडूच शकत नाही, कारण १९ मे २०१५ रोजी आलेल्या त्या खेळात तुम्ही गेराल्टच असता: पैसे घेऊन राक्षस मारणारा, पांढऱ्या केसांचा, मुलीसारख्या वाढवलेल्या सिरीच्या शोधात निघालेला. त्याचा भूतकाळ, त्याची माणसे आणि त्याचा स्वभाव आधीच ठरलेला असतो. संवाद आणि पात्रे त्यात कितीतरी सरस आहेत, हे मान्य. पण दुसऱ्याचे आयुष्य उत्तम वठवणे आणि स्वतःचे आयुष्य तिथे नेऊन मांडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि ११ नोव्हेंबर २०११ रोजी आलेला स्कायरिम केवळ जुना म्हणून मोडीत काढणाऱ्यांना हा फरकच कळलेला नाही.

हे लिहिताना मात्र त्याच दीड महिन्यातली एक रात्र आठवते आहे. मी विचर खेळत होतो. त्यातल्या वेलेन प्रांतातला तो बॅरन, म्हणजे तिथला सरदार, दारूडा, बायकोवर हात टाकणारा. तिचा गर्भ पडला आणि नीट न पुरलेले ते बाळ शापित होऊन उठले. ते मारूनही टाकता येते. मी शाप उतरवण्याचा मार्ग निवडला, तेव्हा बॅरनने ते विद्रूप बाळ दोन्ही हातांवर घेतले, अंधारातून घरापर्यंत आणले, त्याला नाव दिले आणि उंबरठ्याखाली पुरले. मला वाटले होते आई झोपली आहे. तिने हळूच विचारले, "मुलगी होती ना? नाव काय ठेवले रे तिचे?" मी म्हणालो, "डेआ." "बरे केले, बिननावाची नाही ठेवली," एवढेच ती बोलली आणि कुशीवर वळली.

तो प्रसंग स्कायरिमला लिहिता आला नसता. एवढे कबूल करतो, आणि मनापासून करतो. तरीही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने कंट्रोलर मागितला तो तिच्या निळ्या फुलांसाठी. बॅरनच्या घरात तिच्या हाताला काही काम नव्हते. तिथे तिने फक्त पाहायचे होते.

आज दुपारी तिचा जुना खेळ उघडून पाहिला. ब्रीझहोमच्या पेटीत तिने साठवलेला गहू तसाच आहे, आणि न विकलेली औषधेही आहेत. मुख्य कथेतला अल्डुइन हा ड्रॅगन अजून जिवंत आहे. त्याला मारायची घाई तिलाही नव्हती आणि मलाही नाही.