पहिली ओळ, शेवटची ओळ आणि मधला रस्सा

परीक्षा जवळ आली की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. यंदाही उगवला. ‘इंग्रजी सारांशात पैकीच्या पैकी’ असा ठळक मथळा आणि खाली पाच फर्मानं. उताऱ्यावरचे प्रश्न आधी सोडवा. मग उताऱ्याची पहिली आणि शेवटची ओळ जशीच्या तशी उचला. अवघड शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घाला. शब्द मोजून बरोबर एक तृतीयांश करा. शेवटी स्वतःचं मत किंवा एखादा सुविचार जोडा. तळाला ‘प्रत्येक मुलापर्यंत पोचवा’. पोचलाय बरं का. गेल्या आठवड्यात तपासलेल्या वह्यांत तो पानोपानी दिसला, म्हणून हे लिहायला बसले.

पहिलं फर्मान बरोबर आहे, ते आधीच मान्य करून टाकते. दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत वाचनाचा न पाहिलेला उतारा असतो आणि सारांश त्याच उताऱ्याचा लिहायचा असतो, योग्य शीर्षकासह. प्रश्न सोडवताना उतारा दोन-तीनदा डोळ्यांखालून जातो. ते वाचन फुकट कशाला घालवायचं?

भांडण दुसऱ्या फर्मानाशी आहे. ‘पहिल्या ओळीत विषय, शेवटच्या ओळीत निष्कर्ष’ ही समजूत निबंधाच्या साच्यातून आली आहे. उतारे बहुतेक वेळा वर्तमानपत्री लेखासारखे लिहिलेले असतात. त्यांची पहिली ओळ वाचकाला दारातून आत ओढायला असते.

वर्गासाठी मी एक छोटा उतारा इंग्रजीत लिहिला होता. त्याचा मजकूर असा: पर्यटक कोल्हापुरात येतो, अंबाबाईचं दर्शन घेतो, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतो आणि चप्पल लाइनीतून एक जोड घेऊन जातो. भाव करताना त्याला वाटतं, चामडं महाग म्हणून चप्पल महाग. पण चपलेची खरी किंमत तिच्यावर राबलेल्या हातांची असते. उदाहरणार्थ, चामडं कापणं, तळ शिवणं, वेणी घालणं ही कामं अनेकदा एकाच घरातली माणसं वाटून घेतात. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. तरीही मजुरी पुरत नाही म्हणून कारागिरांची मुलं दुसरी कामं धरतात. पुढच्या वेळी भाव पाडताना एवढं आठवा.

आता मेसेजप्रमाणे पहिली आणि शेवटची ओळ उचला. पर्यटक येतो, रस्सा ओरपतो, आणि पुढच्या वेळी भाव पाडताना एवढं आठवा! एवढं म्हणजे काय? रस्सा? अकरा वह्यांत हेच होतं. एका पोरीला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, मी पहिली ओळ लिहिलो की. मेसेजमध्ये तसंच हाय.”

उताऱ्याचा जीव तिसऱ्या वाक्यात आहे, आणि त्याची खूण त्या वाक्याच्या तोंडालाच लावलेली आहे: ‘पण’. इंग्रजीत बट, हाउएव्हर, यट, स्टिल. हे शब्द दिसले की पेन्सिलीनं गोल करायचा, कारण लेखक आधी इतरांचं म्हणणं मांडून आता स्वतःच्या म्हणण्यावर येतोय. दुसरा ‘पण’ म्हणजे ते ‘तरीही’. त्याच्या मागे मानांकन आहे, पुढे मुलांनी धंदा सोडणं. याउलट फॉर एक्झाम्पल, सच अ‍ॅज अशा शब्दांपुढे जे येतं ते बहुधा गाळायचं, किंवा सगळ्यांना मिळून एक शब्द शोधायचा. कापणं, शिवणं, वेणी घालणं या तिन्हींना ‘घरातलं वाटून घेतलेलं काम’ पुरतं. मानांकन ठेवायचं, कारण त्याच्याशिवाय ‘तरीही’ला अर्थ नाही. आठ जिल्हे मात्र गेले. आपला जिल्हा त्यात आहे म्हणून मुलांना ते गाळायला जड जातं, पण इलाज नाही.

उरतं ते एवढंच: कोल्हापुरी चपलेची किंमत चामड्यापेक्षा श्रमात आहे, घरातले सगळे मिळून ते श्रम करतात, पण मानांकन मिळूनही मजुरी पुरेशी नसल्यानं पुढची पिढी या कामातून बाहेर पडते आहे. उताऱ्याची पहिली ओळ यात नाही. शेवटचीही नाही.

तिसरं फर्मान समानार्थी शब्दांचं. याच उताऱ्यात मी चामड्याला ‘हाइड’ शब्द वापरला होता. एका हुशार मुलानं डिक्शनरी उघडली, ‘हाइड’चा समानार्थी ‘कन्सील’ सापडला आणि त्याचा कारागीर चामड्याऐवजी लपवणं कापायला लागला. त्या मुलाला मी हसले नाही. चूक त्याची नव्हती, त्याला सांगितलेल्या कामाची होती. ‘स्वतःच्या शब्दांत’ म्हणजे एकेक शब्द बदलून मूळ वाक्याचा सांगाडा तसाच ठेवणं नव्हे. सांगाडा मोडायचा. तीन वाक्यांचं एक करायचं, कारण आधी आणि परिणाम मागून घ्यायचा, लांबलचक वर्णनाला एक नाम शोधायचं. चप्पल, चामडं, मानांकन ही त्या विषयाची नावं आहेत, ती तशीच राहिली तर कुणी कॉपी म्हणत नाही.

यासाठी वर्गात आम्ही एक करतो. उतारा पालथा घालायचा आणि बाकावरच्या शेजाऱ्याला तो मराठीत सांगायचा, दोन-तीन वाक्यांत. “चपलेला मान मिळाला, पर पैसा न्हाई मिळाला, म्हणून पोरं दुसरं काम बघाय लागलीत,” असं एकानं सांगितलं. झाला की सारांश! आता हेच साध्या इंग्रजीत लिही म्हटलं, आणि त्यानं लिहिलंही. काळांच्या दोन चुका होत्या, पण उताऱ्यातलं एकही वाक्य उचललेलं नव्हतं. घरात आई-आजीपुढे हा प्रयोग करायला इंग्रजीची अडचणच येत नाही. पालकांनी मेसेज फॉरवर्ड करण्याऐवजी पाच मिनिटं बसून हे ऐकावं असं मला वाटतं, पण ते जाऊ दे.

एक तृतीयांशाचा नियम खोटा नाही, फक्त तो सगळीकडचा नाही. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा सक्तीचा पेपर असतो, त्यात सारांशाला ७५ गुण. तिथे एक तृतीयांश लांबी मागतात आणि शीर्षक देऊ नका असं स्पष्ट सांगतात. दहावीत शीर्षक मागतात. परदेशी जाणारी मुलं पीटीई ही इंग्रजीची परीक्षा देतात, तिथे अख्ख्या उताऱ्याचा सारांश एकाच वाक्यात लिहायचा, ५ ते ७५ शब्दांत, दहा मिनिटांच्या आत. दुसरा पूर्णविराम आला की घात. तीन परीक्षा, तीन तऱ्हा. आणि मोठ्या भावाच्या स्पर्धा परीक्षेच्या नोट्स बघून दहावीतल्या धाकट्यानं शीर्षक गाळलेलं मी पाहिलंय. तेव्हा प्रश्नाखालची सूचना वाचा, ती काय म्हणते तेच खरं. शब्द मोजत बसण्यात वेळ घालवू नये. आपल्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात ते घरीच एकदा मोजून ठेवायचं, मग पेपरात नुसत्या ओळी मोजायच्या.

राहिला सुविचार. लेखकानं जे म्हटलेलं नाही ते सारांशात येत नाही, विषय संपला. ‘आपण सर्वांनी कारागिरांचा आदर केला पाहिजे’ हे वाक्य कितीही गोड असलं तरी ते तुमचं आहे, उताऱ्याचं नाही. ‘द गिव्हन पॅसेज इज अबाउट’ ही पाठ केलेली सुरुवातही तशीच. पाप नाही, पण अगोदरच तोकड्या जागेतले पाच शब्द काही न सांगता खर्च होतात.

शीर्षकाबद्दल मेसेज गप्प आहे, त्यामुळे सतरा मुलांनी ‘कोल्हापुरी चप्पल’ लिहिलं आणि दोघांनी तर ‘कोल्हापूर’. विषयाचं नाव आणि म्हणण्याचं नाव यांत फरक असतो. ‘मान आहे, मजुरी नाही’ असं एकीनं दिलं, तेव्हा मी फळ्यावर तिचं नाव लिहिलं.

शनिवारी मी तो मेसेजच मुलांपुढे ठेवला आणि म्हटलं, याचा सारांश लिहा. शेवटच्या बाकावरून एक कागद आला. त्यावर इंग्रजीत चारच शब्द होते: रीड लेस, कॉपी मोअर. शीर्षक द्यायला मात्र पठ्ठ्या विसरला होता. एक मार्क कापला.