दहा मिनिटांत चार्ज होणाऱ्या बॅटरीसाठी गाडी लांबणीवर टाकू नका

आमच्या इंदूरच्या टिळकनगरात इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "थांबा, सॉलिड-स्टेट बॅटरी येतेय. हजार किलोमीटर चालेल!" म्हणजे आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली बॅटरी. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसं झालंय. मला हे मनापासून खटकतं, कारण या भरवशावर लोक खरंच खरेदी पुढे ढकलतायत.

टोयोटाचंच घ्या. 2017 मध्ये त्यांनी ही बॅटरी 2020 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आणायचा वायदा केला. 2023 मध्ये तो 2027-28 वर गेला, सोबत 1,200 किलोमीटर आणि दहा मिनिटांत चार्जिंग. कंपनी खोटं बोलते असं मी म्हणणार नाही. एवढ्या मुरलेल्या लोकांनाही जमेना, म्हणजे अडचणच तशी आहे. चार्ज होताना लिथियमचा थर फुगतो, वापरताना आक्रसतो. द्रव असेल तर फट भरून काढतो. घन पदार्थात संपर्क सुटतो, तडे जातात आणि त्या तड्यांतून लिथियमचे बारीक काटे आरपार वाढून शॉर्ट होतो.

अशा बॅटरीच्या बातमीतला प्रयोग बहुतेकदा घड्याळातल्या सेलएवढ्या बारक्या बॅटरीवर झालेला असतो. तो किती तापमानाला केला, किती वेळा चार्ज करून पाहिला, हे बातमीत नसतं. इंदूरच्या मे महिन्यात, 42 डिग्रीत, गाडी दुपारभर उन्हात उभी असते!

आणि दहा मिनिटांचा हिशोब कुणी करतच नाही. 60 युनिटची बॅटरी 10 वरून 80 टक्क्यांवर न्यायची म्हणजे 42 युनिट. दहा मिनिटांत एवढी वीज द्यायला 250 किलोवॅट लागतात. घरचं कनेक्शन 5 किलोवॅटचं धरा, पन्नास घरांचा भार एका गाडीला. बॅटरी कितीही जादूची असो, ट्रान्सफॉर्मर आणि केबल आपल्यालाच टाकायचेत.

आणि नवं आलं म्हणून जुनं लगेच जातं असंही नाही. राजवाड्याच्या बाजूला ई-रिक्षावाला सीट उचलून बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालताना बघितलाय? ती शिशाची बॅटरी, मूळ शोध 1859 चा, प्लान्ते नावाच्या फ्रेंच माणसाचा. आता लिथियमच्या रिक्षाही आल्यात, पण ही टिकून आहे. घेताना स्वस्त पडते, कोपऱ्यावरचा मेकॅनिक दुरुस्त करतो आणि भंगारातही पैसे येतात.

प्रगती होतेय, जोरात होतेय. 2010 मध्ये लिथियम बॅटरीचा पॅक किलोवॅट-तासाला, म्हणजे एका युनिटला, हजार डॉलरच्या वर होता, 2024 मध्ये ब्लूमबर्गच्या पाहणीत सरासरी 115 वर आला. हे एका रात्रीत लागलेल्या शोधानं झालेलं नाही. कारखान्यांत वर्षानुवर्षं एकेक टक्का घासून झालंय. आज स्वस्त गाड्यांत येणारी एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी जॉन गुडइनफ या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत 1990 च्या दशकात निघाली. गाड्यांत सर्रास दिसायला वीसेक वर्षं गेली.

म्हणून रोजची धाव शहरातली असेल आणि घरी चार्जिंगची सोय असेल, तर आज मिळतेय ती गाडी बघा. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि किती टक्के क्षमतेपर्यंत, ते लेखी घ्या. इंदूरचे दोन-तीन उन्हाळे काढलेली इलेक्ट्रिक गाडी तुमच्याकडे असेल, तर फुल चार्जवर आज ती किती चालते ते खाली लिहा. घेणाऱ्यांना त्या आकड्याची गरज आहे.