सब (सबवूफर, म्हणजे बेसचे, खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) दोनच का होते, याबद्दल

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. ऐन कार्यक्रमात आवाज बंद पडला आणि पाहुण्यांसमोर तुम्हाला अवघडल्यासारखं झालं, याबद्दल मनापासून दिलगिरी. दोन स्टार दिलेत, तो तुमचा अधिकार. पण "पैसे वाचवायला दोनच सब आणले, चार असते तर बाजूच्या टेबलांनाही बेस मिळाला असता" हे वाक्य मी तसंच राहू देऊ शकत नाही. हे वाचल्यावर आम्हाला काम कोण देईल?

कोटेशनमध्ये दोन सब लिहिले होते आणि दोनच आले, दोन्ही अठरा इंची. साउंड चेकच्या वेळी ते स्टेजच्या पुढे, मधोमध, एकमेकांना चिकटून जमिनीवर होते. तुम्ही स्वतः हॉलभर फिरलात, "मस्त येतोय" म्हणालात. मग फोटोत काळे खोके दिसतात म्हणून ते स्टेजच्या दोन टोकांना सरकवायला कोणी सांगितलं, हे अभिप्रायात आलेलं नाही. आमच्या ऑपरेटरने तेव्हाच सांगितलं होतं की बेस सगळीकडे सारखा राहणार नाही. "थोडाफार फरक चालेल" असं उत्तर मिळालं. (या धंद्यात हे नेहमीचंच. सब फोटोत नको, पायात नको, बेस मात्र हवा.)

पण हा फरक थोडाफार नसतो, सर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. किक ड्रमचा दणका येतो तो ५०-६० हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या लहरींच्या) आसपास. ५७ हर्ट्झ धरले तर एक लहर ६ मीटर लांब होते. आता ज्या खुर्चीपासून एक सब दुसऱ्यापेक्षा ३ मीटर जास्त लांब आहे, तिथे एकाची लहर हवा दाबत असते तेव्हा दुसऱ्याची ती ओढत असते. दोघं मिळून ठोका गिळून टाकतात. भिंतींवरून परतलेल्या आवाजाने तो खड्डा थोडा भरतो, पण जात नाही. तुमची बाजूची टेबलं नेमकी अशा जागी होती. मधल्या रांगेला मात्र दोन्ही सब सारख्याच अंतरावर, म्हणून तिथे दणदणाट. "मधल्या लोकांची छाती धडधडत होती" हे तुम्हीच लिहिलंय. सब कमी पडले असते तर मधेही धडधडली नसती!

चार आणून दोन-दोन टोकांना ठेवले असते तरी खड्डा त्याच जागी पडला असता, कारण अंतरं तीच. मधे आणखी कानठळ्या बसल्या असत्या, एवढंच. मोठा ॲम्प्लिफायर का नाही, असंही विचारलंत. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. त्यापेक्षा दोन सब जवळजवळ ठेवले की खालच्या सुरांपुरते ते एकाच मोठ्या सबसारखे वागतात, एकट्या सबपेक्षा ६ डेसिबलपर्यंत जास्त देतात आणि हॉलभर सारखे पोचतात. आम्ही ते चिकटवून ठेवतो ते यासाठी. "एका जागी टाकून मोकळे झाले" असं म्हणणं लागलं हो.

आवाज बंद पडला त्याचं थोडक्यात. ॲम्प्लिफायरसाठी १६ अँपिअरची एक लाइन वेगळी मागितली होती आणि ती मिळालीही होती. संगीतात ठोका येतो आणि जातो, त्यामुळे ॲम्प्लिफायरवर लिहिलेले वॉट सलग लागत नाहीत. हिशेबाला साधारण आठवा भाग धरतात. पाणी तापवायच्या किटलीचं तसं नाही, ती उकळेपर्यंत पूर्ण ओढते. २,००० वॉटची एक म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, आणि अशा दोन किटल्या मागच्या बाजूने आमच्याच बोर्डात लागल्या होत्या. एमसीबी (जास्त भार आला की लाइन तोडणारा स्विच) पडणारच. त्या कोणी लावल्या यात मी शिरत नाही, आमच्याकडे किटली नसते इतकंच सांगतो.

यापुढे सब कुठे राहतील ते आधीच लेखी ठरवून घेऊ, बोर्डावर चिठ्ठी लावू, आणखीही काही सुधारणा मनात आहेत.

पैशांबद्दल बोलायचं असेल तर फोन करा, इथे नको. स्टार दोनच ठेवा हवं तर, पण "पैसे वाचवायला" हे शब्द काढलेत तर उपकार होतील. आणि आमची एक लांब स्पीकर केबल हॉलवर राहिली आहे, ती घ्यायला उद्या माणूस येईल, तेवढं तिथे सांगून ठेवा.