ईएलसीबी पडतो, आणि बदनाम होतो मिक्सर

मृग लागला की हा मेसेज बेळगावात घरोघरी फिरायला लागतो. यंदा मला तो तिघांकडून आला. शहापूरच्या एका काकूंनी पाठवला, खानापूरच्या मेव्हण्यानं पाठवला, आणि निपाणीच्या एका गिऱ्हाइकानं तर खाली लिहिलं होतं, "हे खरं काय हो? आमचा पण दिवसातनं चारदा पडूलालाय."

मेसेजमधला मजकूर थोडक्यात असा: पावसाळ्यात ईएलसीबी (करंट जमिनीत गळायला लागला की खाली पडून घराची वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो तो व्होल्टेज कमीजास्त झाल्यानं. जी वस्तू लावल्यावर पडला तीच खराब. टेस्टर पेटला नाही तर वस्तू चांगली. टेस्टचं बटण दाबल्यावर पडला म्हणजे अर्थिंग ठीक. तरीही थांबत नसेल तर १०० मिलिअँपिअरचा बसवा, नाहीतर त्या वस्तूची अर्थिंगची वायर काढा.

मी वायरिंगची कामं करतो. यातलं शेवटचं वाचून अंगावर काटा आला, म्हणून लिहितोय.

व्होल्टेजचं आधी. आपण ज्याला सवयीनं ईएलसीबी म्हणतो तो आता बहुतेक घरांत आरसीसीबी असतो. तो व्होल्टेज बघतच नाही. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं तेवढाच परत आला का, एवढाच त्याचा हिशेब. घरातला साधारण ३० मिलिअँपिअरचा असतो. म्हणजे ३० चा फरक आला की त्यानं पडलंच पाहिजे, १५ पर्यंत पडता कामा नये, आणि मधे कुठंही पडला तर ती त्याची चूक नाही. वीज कडाडली की एखाद्या वेळी उगाच पडतो, हे खरं. पण मग वर केला की राहतो. दिवसात चारदा पडत असेल तर बहुतेक करंट कुठंतरी जमिनीत जातोय.

आता "शेवटी लावलेली वस्तू खराब". सगळ्यात जास्त घोळ इथंच आहे. समजा जुना गीझर ९ मिलिअँपिअर लिकेज देतोय, फ्रीज ७, कॉम्प्युटर आणि बाकीचं किरकोळ मिळून ३. झाले १९. अजून स्विच तग धरून आहे. त्यात मिक्सर लावला, त्याचं लिकेज जेमतेम २, आणि स्विच पडला. घरातले मिक्सर दुरुस्तीला नेतात, दुकानदार म्हणतो काहीच नाही, आणि गीझर निवांत चालू. नो-फ्रॉस्ट फ्रीजचं तर आणखी मजेशीर. त्याचा बर्फ वितळवणारा हीटर काही तासांनी एकदा चालू होतो. तो हीटर लीक असेल तर स्विच रात्री दोनला पडतो, जेव्हा कुणीच काही लावलेलं नसतं.

शिवाय न्यूट्रल. भिंतीवरचं साधं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. वॉशिंग मशीनच्या आत न्यूट्रल बॉडीला टेकला असेल, तर बटण बंद असूनही दुसऱ्या वस्तूंचा परतीचा करंट त्या वाटेनं अर्थिंगला जातो. मशीन बंद, पण इस्त्री लावली की स्विच पडतो. सिंगल पोल एमसीबी, म्हणजे बोर्डातला फक्त फेज तोडणारा स्विच, खाली केला तरी तेच. म्हणून शोधायचं तर बटणं बंद करून नाही, सगळे प्लग सॉकेटातून उपसून. स्विच वर करा, मग एकेक प्लग लावत, प्रत्येक वस्तू थोडा वेळ चालवत जा. एकेकटी चालते आणि दोन-तीन मिळून पाडतात, तर बेरजेचा मामला. सगळे प्लग बाहेर असूनही पडतो, तर वायरिंग बघा. गच्चीवरचा दिवा, भिजलेल्या भिंतीतला होल्डर, विहिरीची मोटर. प्लग नसलेला गीझर डीपी स्विचनं बंद करा, तो दोन्ही तारा तोडतो.

पावसाचा संबंध आहे, पण मेसेजवाला म्हणतो तसा नाही. गीझरच्या एलिमेंटमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती ओल धरते. उन्हाळाभर बंद ठेवलेला गीझर जूनमध्ये पहिल्यांदा लावला की पडतो, तो बहुतेक यामुळं. जांबोटी-कणकुंबीकडं तर हवाच ओली.

टेस्टरचं म्हणाल तर, अर्थिंग चांगलं असेल तर लिकेज तिकडून निघून जातं आणि बॉडीवर टेस्टर पेटतच नाही. वस्तू मात्र लीकच. साध्या मल्टीमीटरच्या बॅटरीलाही पुष्कळदा हा दोष दिसत नाही. त्याला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर, लागतो.

टेस्टचं बटण आतल्या रेझिस्टरमधून करंट वळवतं. अर्थिंग मुळीच नसलेल्या घरातही ते काम करतं.

आता ते १०० मिलिअँपिअर. साधारण १० च्या पुढं हाताची पकड सुटेनाशी होते. १०० वाला आगीपासून थोडाफार वाचवेल, माणसाला नाही. आणि अर्थिंगची वायर काढली की स्विच पडायचा थांबतो, कारण लिकेजला वाट उरत नाही. ती वाट मग ओल्या मोरीत उभं राहून मशीनला हात लावणारा माणूस होतो. वडगावात एका घरी थ्री पिनची जाड पिनच करवतीनं कापलेली होती. "आता पडत नाही की, फक्त झिणझिण्या येतात," असं आजी म्हणाल्या. नवीन प्लग बसवला, तसा स्विच लगेच पडला. मशीनचा हीटर लीक होता.

मेसेजमध्ये नसलेलं एक सांगतो. इन्व्हर्टर बसवल्यापासून पडायला लागला असेल, तर वस्तू तपासत बसू नका. इन्व्हर्टरला फेज ईएलसीबीच्या आधीचा दिला आणि न्यूट्रल नंतरचा घेतला, तर हॉलमधला दिवा आणि पंखा लावूनही हिशेब चुकतो. ज्यानं जोडलाय त्यालाच बोलवा.