सत्कार इंदूरला नको, बाईंच्या शाळेत करा

आपल्या इंदूरच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या सत्कारासाठी अलीराजपूरकडच्या डोंगरातल्या एका मिशन शाळेतल्या तरुण शिक्षिकेचं नाव आलंय. निवड उत्तम आहे. पण नेहमीसारखं रविवारी संध्याकाळी इंदूरला बोलावून शाल-श्रीफळ देऊन मोकळं व्हायचं असेल, तर माझा त्याला स्पष्ट विरोध आहे.

हिशेब करा. फळियापासून, म्हणजे डोंगरातल्या वस्तीपासून, सडकेपर्यंत पायी, मग जीपनं अलीराजपूर, तिथून कुक्षी-धारमार्गे इंदूर. दोनशे किलोमीटरच्या वर. बाईंना शनिवारी सकाळी निघावं लागेल, परत पोचेपर्यंत सोमवार संपेल. शिक्षणहक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिलेत. पाचही वर्ग एका खोलीत आणि शिकवणारं माणूस एकच, अशा ठिकाणी बाई नसल्या की शाळेला कुलूप. आपल्या दोन तासांच्या कार्यक्रमापायी मुलांचे दोन दिवस का घालवायचे?

तारखेचंही तसंच. ५ सप्टेंबरचा हट्ट सोडा, तेव्हा नाले भरलेले असतात. दिवाळीनंतर आईबाप मजुरीला गुजरातेत जातात, बरीच मुलंही सोबत जातात, पट निम्मा रिकामा दिसतो. होळीआधीचा आठवडा भगोरियाच्या जत्रांचा, तेव्हा कुणी शाळेत थांबणार नाही आणि थांबूही नये. राहिला दसऱ्याआधीचा पंधरवडा: पाऊस ओसरलेला, माणसं घरी. मक्याची कामं चालू असतात, म्हणून सकाळच्या प्रार्थनेला जोडून अर्धा तास, बस. हाटाचा वार टाळा. तडवीला, म्हणजे गावच्या प्रमुखाला, आणि सरपंचांना आधी विचारा, पण सगळ्यात आधी खुद्द बाईंना.

आता मानपत्र. ‘दुर्गम भागातली ज्ञानज्योत’ वगैरे कृपा करून नको. त्यांचं खरं काम भाषेचं आहे आणि ते इंदूरच्या मराठी माणसाला चटकन कळायला हवं. आपल्याकडचा काळे आडनावाचा मुलगा हिंदी शाळेत ‘काले’ होतो, कारण हिंदीच्या वर्णमालेत ळ नाही. भिली बोलींत ळ आहे. म्हणजे तिथलं मूल पहिल्या दिवशी शाळेत असा आवाज घेऊन येतं, ज्याचं अक्षरच त्याच्या पुस्तकात नाही. शिकवणाऱ्याला हे ठाऊक नसलं की मुलाचा उच्चार चुकीचा ठरतो, आणि दोन-चारदा टोकलं की मूल तोंड उघडत नाही. जाणती शिक्षिका उलट बाजूनं सुरुवात करते. आधी चित्र दाखवून मुलांना त्यांच्या बोलीत बोलू देते. त्यातलंच एक वाक्य, मुलानं म्हटलं तसंच, देवनागरीत फळ्यावर लिहिते. एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचून घेते. मग त्याच्याखाली हिंदी वाक्य. सारखं काय आणि वेगळं काय, हे मुलंच शोधतात. हा क्रम चुकला की तिसरीतलं मूल धडा घडाघडा वाचतं आणि अर्थ विचारला की खाली बघतं. भाषिक अल्पसंख्याक मुलांसाठी मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असं घटनेचं ३५०-क कलम १९५६ पासून सांगतंय. ते त्या खोलीत कुणीतरी रोज पाळतंय, हे मानपत्रात लिहा. दीडशे शब्द पुरे, मोठ्या टाइपात, हिंदीत, आणि चार ओळी तिथल्या बोलीत, ज्या एखादी आई वाचेल किंवा पाठ म्हणेल. काचेची फ्रेम नको, जीपच्या धक्क्यांनी फुटते, आणि भिंत कुडाची असली तर खिळा ठरत नाही. लॅमिनेट करा.

‘मिशनची शाळा कशाला?’ असंही कुणी म्हणालं म्हणे. इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं, कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं. तिथे शिकलेल्यांना आपण कधी हा प्रश्न विचारला? त्याच मिशनचे डॉ. बुकॅनन अलीराजपूर भागात आमखूटला भिल्लांमध्ये काम करत होते. आपला सत्कार एका शिक्षिकेच्या शिकवण्याचा आहे. तेवढंच बोलायचं, आणि मुलांच्या हातात थेट वस्तू वाटायच्या नाहीत. काय दिलं ते शाळेच्या नोंदवहीत चढवून, पावती घेऊन द्यायचं. उद्या त्याचा भलता अर्थ काढला गेला, तर निस्तरावं बाईंना लागेल. सन्मानाची रक्कम मात्र त्यांच्या स्वतःच्या खात्यात जावी, शाळेच्या निधीत मिसळू नये.

शाळेसाठी भेट द्यायचीच, तर भिंतीचा काळा पट्टा द्या. पाच वर्ग एका खोलीत असताना एका फळ्यानं भागत नाही. खोलीच्या चारही बाजूंना जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत काळा रंग दिला, की प्रत्येक मुलाला लिहायला स्वतःची जागा मिळते. बाई पहिलीकडे बसल्या असताना चौथीची मुलं भिंतीवर गणितं सोडवतात आणि बाईंना लांबूनच कोण अडलंय ते दिसतं. खोली २० बाय १६ फुटांची धरा: घेर ७२ फूट, दाराचे चार वजा, ६८ गुणिले अडीच, म्हणजे १७० चौरस फूट. दोन हातांना साधारण चार लिटर रंग लागेल. पण भिंत पक्क्या गिलाव्याची हवी, मातीची असेल तर हा बेतच नको. दुकानात ब्लॅकबोर्ड पेंटच मागा. साधा काळा ऑइल पेंट चकाकतो, त्यावर खडू घसरतो. भिंत आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायची, पोपडे खरवडून पुट्टी, मग प्रायमर, मग रंग, दोन हातांमध्ये एक रात्र. ओल असलेल्या भिंतीवर दिला तर महिन्याभरात फुगून सुटतो, म्हणूनही पावसानंतरच. आणि एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात: रंग पूर्ण वाळला की पहिलं अक्षर लिहिण्याआधी खडू आडवा धरून सगळा पट्टा पांढरा करायचा आणि कोरड्या फडक्यानं पुसायचा. नाहीतर पहिल्या दिवशी लिहिलेलं पुढे पुसट दिसत राहतं.

मुलांना स्वागतासाठी उन्हात रांगेत उभं करू नका, आणि परवानगीशिवाय त्यांचे फोटो टाकू नका. जेवण इंदूरहून नेऊ नका. खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानांत गोवऱ्यांवर भाजलेले मक्याचे पानिये आणि डाळ तिथल्या बायका करतील, त्यांना सामानाचे आणि मेहनतीचे पैसे आधी द्या.

रंग देणाऱ्यांनी कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी पोचायला हवं, म्हणजे दोन्ही हात वाळलेले असतील. रंग, पॉलिश पेपर आणि चार इंची ब्रश मी घेतो. शुक्रवारी दुपारी निघू शकणारे दोघं आणि एक उंच गाडी हवी आहे. कोण येतंय?